नॉमिनी, वारस आणि आजीचा वाटा

वडील गेल्यावर फ्लॅट कोणाचा, या चर्चेत कोणीतरी लिहिलंय की सोसायटीत मुलाचं नॉमिनेशन आहे (म्हणजे वडिलांनी त्याचं नाव नोंदवून ठेवलंय) म्हणजे फ्लॅट त्याचाच, तर तसं अजिबात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात कलम १५४ब-१३ आलं, त्यात स्पष्टच आहे की वारस ठरेपर्यंत नॉमिनी फक्त तात्पुरता सदस्य.

पण वारस कोण हे मोजताना या चर्चेत सगळे बायको-मुलांपाशीच थांबलेत. आई राहिली ना! मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष गेला तर त्याच्या आईलाही बायको-मुलांइतकाच हिस्सा मिळतो. आमचे काका गेले तेव्हा काकू, दोन मुलं आणि आजी, म्हणजे प्रत्येकी पाव फ्लॅट. गेलेल्याच्या वडिलांचा मात्र आधी वाटा मिळणाऱ्या वारसांच्या पहिल्या वर्गात नंबरच नाही, का ते विचारू नका. आजीकडून हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, करून घ्यायचं कोणालाच सुचलं नाही, ती दीड वर्षाने गेली आणि तिच्या पाव हिश्श्यात माझे बाबा आणि आत्याही आले. फ्लॅट विकताना गिऱ्हाइकाच्या वकिलाने हे बरोब्बर पकडलं, मग आत्या गुडघेदुखी घेऊन डोंबिवलीला सही-अंगठा द्यायला, वर काकूचं तोंड वाकडं ते वेगळंच.