वकिली सोडून जज व्हायचंय, पण माझी कारणं बरोबर आहेत का?

दिवाणी_दावेवाली: नमस्कार मंडळी. वकिली करतेय, बहुतेक दिवाणी कामं, प्रॅक्टिस बरी चाललीये. पण जज व्हायचं डोक्यातून जातच नाही. अशिलाची बाजू लंगडी आहे हे दिसत असूनही ती जोर लावून मांडायची, आपलं कामच आहे ते, मान्य, पण मग वाटत राहतं की दोन्ही बाजू ऐकून जे योग्य तेच लिहायला मिळालं तर किती बरं. शिवाय ठरलेला पगार, पेन्शन, मान हेही हवंय. एवढ्यावर जायचं का? इंटरव्ह्यूत विचारलंच तर पाठ केलेलं उत्तर द्यायचं नाहीये मला.

जुना_बारवाला: पगार हवा असण्यात लाजण्यासारखं काही नाही. फीसाठी कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही म्हणूनच जजला निर्भयपणे निकाल देता येतो. अमेरिकेच्या राज्यघटनेत तर फेडरल जजचा पगार तो पदावर असेपर्यंत कमी करता येणार नाही असं सरळ लिहिलंय, आपल्याकडेही हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाच्या जजचे रजा-पेन्शनचे हक्क नेमणुकीनंतर घटवता येत नाहीत. मानाचं मात्र नीट तपासा. प्रत्येक निकालात कुणीतरी हरतं, ते तुमच्यावर नाराज होऊन जातं आणि तुम्हाला बाहेर येऊन खुलासा करता येत नाही, जे काय सांगायचं ते निकालपत्रातच.

साक्षीपुरावा: एकटेपणाचं कुणी बोलत नाही. १९९७ साली सुप्रीम कोर्टाने न्यायाधीशांसाठी जी मूल्यं स्वीकारली त्यात बारमधल्या, म्हणजे वकीलमंडळींतल्या, ठराविक लोकांशी, खासकरून त्याच कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्यांशी, जवळीक टाळावी असं आहे. म्हणजे आज ज्यांच्यासोबत बाररूममध्ये बसून केसवर वाद घालता तेच लोक लांब जाणार. ज्याला माणसांत राहायची, बाजू घेऊन भांडायची खरी आवड आहे त्याने फार विचार करावा.

कलम_२३३: ताई, तुमचं पहिलं कारण मला सगळ्यात खरं वाटतं, पण ते एकदा घासून बघा. तुम्ही हरलेला एखादा दावा घ्या आणि जज म्हणून स्वतःच्या अशिलाविरुद्ध पूर्ण निकालपत्र लिहा, प्रत्येक मुद्द्यावर निष्कर्ष आणि त्याची कारणं. लिहिताना मजा आली तर तुमचा पिंड तो आहे. नुसतंच समोरच्या वकिलाच्या चुका काढाव्याशा वाटल्या तर अजून तुम्ही वकीलच आहात, आणि त्यात वाईट काहीच नाही. इंग्लंडमध्ये रेकॉर्डर, म्हणजे अर्धवेळ जज, म्हणून वर्षातले काही आठवडे बसायचं आणि बाकी वेळ प्रॅक्टिस करायची अशी सोय आहे, आपल्याकडे तसं नाही, त्यामुळे हे घरी बसूनच करावं लागतं.

दिवाणी_दावेवाली: हे करतेच. एकटेपणाचा विचारच केला नव्हता. पण कनिष्ठ स्तरापासून, म्हणजे सगळ्यात खालच्या दिवाणी न्यायाधीशाच्या पदापासून, सुरू करू की थांबून थेट जिल्हा न्यायाधीशासाठी बघू?

कलम_२३३: कनिष्ठ स्तरासाठी सुप्रीम कोर्टाच्या २०२५ च्या निकालाने किमान ३ वर्षं प्रॅक्टिसची अट परत आणलीये, थेट जिल्हा न्यायाधीशाला ७ वर्षं लागतात. मी म्हणेन, साक्षी नोंदवणं, अर्जांवर आदेश देणं, दिवसभर मन लावून ऐकणं हे आवडणार असेल तर खालूनच सुरू करा, कारण माणसं कोर्टात पहिल्यांदा येतात ती तिथेच.