मदत हवी आहे: लोकलने जाणाऱ्या तरुणांचा शांतसमय (रोजचं एकांतातलं बायबलवाचन आणि प्रार्थना) कसा बसवायचा?

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत तरुणांचा छोटा शिष्यत्व ग्रुप आहे, बहुतेक जण दहिसर-बोरिवलीचे, सकाळची चर्चगेट फास्ट पकडणारे. मार्क 1:35 मध्ये प्रभू येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला ते सगळ्यांना मनापासून पटतं, पण चाळीतली एक खोली, घरात पाच-सहा माणसं, त्यात पाणी पण पहाटेच येतं, मग एकांत आणायचा कुठून? मत्तय 6:6 मध्ये प्रार्थनेसाठी सांगितलेली खोली आणि लावलेलं दार इथे कोणाकडेच नाही.

सध्या बायबलमधली स्तोत्रसंहिता वाचायला घ्यायचा विचार आहे, रोज 5 म्हणजे 150 स्तोत्रं 30 दिवसांत होतात, फक्त 119 वं एकटंच 176 वचनांचं आहे ते वेगळं वाटून द्यावं लागेल. पण नुसतं वाचून संपवायचं नाहीये, एखादं वचन दिवसभर मनात घोळलं पाहिजे, माझ्या मते शिष्य तिथेच घडतो. गर्दीत उभ्याने मनन कोणी करतं का, कसं करता? आणि उपासाचं पण सांगा, दिवसभर उभं राहून काम करणारे आहेत, एकाला शुगर आहे, त्यांना जेवणाऐवजी दुसरं काय सोडायला सांगता? पाळक, ताई, दादा, प्लीज सविस्तर लिहा, रविवारी उपासनेनंतर मुलांसमोर ठेवायचंय.