प्रतिसाद: अंतराच्या अटीपेक्षा एमजी (मिनिमम गॅरंटी) नीट वाचा

हॉस्पिटलशी करार करताना डॉक्टरने काय बघावं, हा इथला प्रश्न. पण हॉस्पिटल सोडल्यावर दोन वर्षं १० किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस करायची नाही, या अटीवरच वर सगळे अडकलेत. वाचायला भयंकर वाटते, पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे ती सहसा टिकत नाही. बाँडचं तसं नाही हं! मुदतीआधी नोकरी सोडल्यास २ लाख भरायची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात वैध ठरवली.

माझ्या मते खरी मेख एमजीत, म्हणजे हॉस्पिटलने डॉक्टरला कबूल केलेल्या दरमहाच्या किमान रकमेत असते. 'दरमहा अमुक मिनिमम गॅरंटी' हे तोंडी ऐकून हुरळू नका. किती महिने? बिलिंग कमी पडलं तर फरक पुढच्या महिन्यांतून वळता करणार का? हे कागदावर हवं. शिवाय पगारी नोकर नव्हे तर 'कन्सल्टंट' म्हणून सही केलीत की १० टक्के टीडीएस कापून फी हातात, पीएफ-ग्रॅच्युइटी विसरा.

आणि इंडेम्निटी (उपचारांतल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा विमा) स्वतःच्या नावावर घ्या, खंड न पाडता. रुग्णाच्या तक्रारीवरून ग्राहक आयोगाची नोटीस हॉस्पिटल सोडल्यानंतरही येऊ शकते, तेव्हा एचआर फोन उचलेलच असं नाही.