सेन्सोजी 'नकली', तर मग अस्सल काय? (असाकुसाबद्दल थोडं रागाने)

पायपीट_फार

परवा इथे एका सदस्याने टोकियोचा वृत्तांत टाकला: "असाकुसाला फिरकू नका. सेन्सोजी म्हणजे सिमेंटचं देऊळ, पुढे खेळण्यांचा बाजार, मागे मेलेली थिएटरं. अस्सल हवं तर क्योतोला जा." खाली 'वाचवलंत हो!' म्हणणाऱ्यांची रांग. मी अकरा वर्षं टोकियोतल्याच निशि-कासाईत राहतोय आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला असाकुसा दाखवणं हा माझा बिनपगारी धंदा आहे. तेव्हा हे लांबण सोसा.

सिमेंटचं आहे, मान्य. १६४९चं लाकडी देऊळ १९२३च्या भूकंपात टिकलं, पण १० मार्च १९४५ला अमेरिकेच्या बाँबफेकीत जळालं. त्या एका रात्रीत टोकियोत लाखभर माणसं गेली. १९५८ला ते पुन्हा उभं राहिलं. जळून पोळलेल्या लोकांनी लाकूड नको म्हटलं, तर चुकलं काय? दारातली वेस, कामिनारिमोन, तर १८६५ला जळाली आणि पुढे ९५ वर्षं नव्हतीच. १९६०ला मात्सुशितांनी (तेच, पॅनासॉनिकवाले) आजारातून उठल्यावर बांधून दिली. आपल्याकडे नवस फेडतात तसाच.

आता 'मेलेली थिएटरं'. १८७३ला सरकारने देवळाचं आवार सार्वजनिक बाग करून टाकलं, पुढे तिचे विभाग पाडले आणि खेळवाले सहाव्या विभागात बसवले. रोक्कु म्हणजे 'सहावा विभाग', बाकी काही नाही. १८९०ला तिथे बारा मजली मनोरा झाला, जपानची पहिली विजेची लिफ्ट त्यात. १९०३ला देशातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह. आजचा प्रसिद्ध नट-दिग्दर्शक ताकेशी कितानो इथल्याच फ्रान्स-झा थिएटरात लिफ्ट चालवत विनोद शिकला. देवळामागे तमाशा हे पाहून आपण नाक मुरडायचं? आपल्या कुठल्या जत्रेत रात्री फड लागत नाही?

खिशाला_कात्री

वृत्तांत माझाच. जत्रा चार दिवसांची असते हो, ही बाराही महिने. देवळापुढची ती दुकानांची नाकामिसे गल्ली २५० मीटरची, शनिवारी ती पार करायला आम्हाला पाऊण तास लागला. रोक्कुत तुमचा मनोरा १९२३लाच पडला, शेवटची चित्रपटगृहं २०१२ला बंद झाली. मी बघितलं ते डिस्काउंटचं दुकान. इतिहास मी काय चाटू?

आणि देवळात १०० येन टाकून नशिबाची चिठ्ठी काढली तर 'क्यो', अशुभ. आठवड्याने बाबांची बायपास होती. बायको दोन दिवस बोलली नाही. म्हणे, कशाला काढलीत?

पायपीट_फार

शंभरात तीस चिठ्ठ्या क्यो असतात तिथे, त्यासाठीच प्रसिद्ध आहे ते देऊळ. शेजारच्या तारेला बांधून यायची, घरी नाही आणायची. बाबा बरे आहेत ना?

खिशाला_कात्री

बरे आहेत. आणली होती घरी.

सई_उवाच

दोघांनी 'मनोरंजन' म्हणत गाडी छान पळवलीत. १६५७च्या आगीनंतर योशिवारा, म्हणजे सरकारमान्य वेश्यावस्ती, याच देवळामागे हलवली गेली. आईबापांनी कर्जापोटी विकलेल्या मुली होत्या तिथे, भोवती खंदक. मेल्या की मिनोवाच्या जोकान-जीत टाकायचे, त्या देवळाचं नावच 'टाकायचं देऊळ' पडलं होतं. मी गेले होते, चिटपाखरू नव्हतं. लिफ्टवाला ताकेशी तेवढा आठवतो सगळ्यांना.

पायपीट_फार

बरोबर आहे. लिहायला हवं होतं. बाकी तुमचा सूर नेहमीचाच.

मोदक_तळणीचे

तुम्ही सगळे मुख्य देवालाच विसरलात! सेन्सोजीतून दहा मिनिटं चाललं की सुमिदा नदीच्या बाजूला टेकाडावर मात्सुचियामा शोदेन. सेन्सोजीच्याच शाखेतलं देऊळ, आणि आत कोण? कांगितेन, म्हणजे आपला गणपती! नैवेद्य काय, तर पांढरा मुळा. ढीग असतो, आणि प्रसाद म्हणून घरीही देतात.

शुद्ध_पक्ष

'आपला' कसा? तिकडचा कांगितेन बहुधा आलिंगन दिलेल्या जोडीच्या रूपात असतो, मूर्ती झाकलेली असते. हे गणपती म्हणून खपवू नका. आणि मुळा? २१ मोदकांच्या देवाला मुळा?

मोदक_तळणीचे

वराहमिहिराच्या बृहत्संहितेतला श्लोक वाचा. एकदंताच्या हातात 'मूलककंद' सांगितलाय. मूलक म्हणजे मुळा. आपणच विसरलो, त्यांनी जपलं.

शुद्ध_पक्ष

तो श्लोक प्रक्षिप्त मानतात. अर्धवट ज्ञान घेऊन कृपया...

मोदक_तळणीचे

प्रक्षिप्त म्हटलं तरी कुणीतरी जुन्याच माणसाने घातला ना? व्हॉट्सॅपवरून तर नाही आला! जुन्या मूर्तींच्या हातात दिसतो तो मुळाच.

शुद्ध_पक्ष

दात असतो तो. तुटलेला.

मोदक_तळणीचे

दाताला पाला फुटतो का हो तुमच्याकडे?

नाशिकची_मावशी

भांडू नका रे. मुलाकडे गेले होते तेव्हा ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव होता त्या देवळात. वाफाळता शिजवलेला मुळा वाटीत दिला. थंडीने बोटं गारठली होती, ती वाटी धरूनच निम्मं पुण्य लागलं. पण मला एक कळेना. आपल्यात माघात मुळा खात नाहीत, आणि गणेशजयंती माघातच. मग तिथे कुणी आपल्यातलं असेल तर त्या दिवशी प्रसाद घ्यायचा की नाही?

शुद्ध_पक्ष

घ्यायचा नाही.

मोदक_तळणीचे

प्रसाद कुठेही, कधीही घ्यावा. आणि मावशी, तिकडे कुठला माघ!

सई_उवाच

मुळ्याला दहा प्रतिसाद, योशिवाराला एक. नोंद घेतली आहे.

खिशाला_कात्री

मला कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. सिमेंटवर मी ठाम आहे. पण ते मुळ्याचं देऊळ माझ्या यादीत नव्हतं, हे खरं. तिथे गर्दी असते का? दिवाळीनंतर बाबांना घेऊन जायचं चाललंय.

पायपीट_फार

अजिबात नसते. पायऱ्या आहेत, पण टेकाड चढायला छोटी केबल कार आहे, फुकट. बाबांना तीतून न्या. आणि चिठ्ठी काढू नका.

नाशिकची_मावशी

अरे, पण माघाचं काय ते कुणीतरी सांगा.