पोर्तुगाल की थायलंड? लॅपटॉप घेऊन राहिलेल्यांनी सांगा

पर्वरी, विचारणारी

आम्ही गोव्यात राहतो. माझं काम एका डच कंपनीचं, कंत्राटी. घरभाडं दरवर्षी वाढतंय, आणि आता घरमालकाला खोल्या पर्यटकांना द्यायच्या आहेत. चवथीची माटोळी (गणपतीवरचं फळाफुलांचं छत) उतरली की निघायचं, एवढंच नक्की आहे. नवऱ्याला पोर्तुगाल हवं, मला थायलंड.

नियम वाचून झालेत. पोर्तुगालचा डी८, म्हणजे बाहेरच्या कंपनीचं काम तिथे राहून करणाऱ्यांचा व्हिसा, ऑक्टोबर २०२२ पासून आहे. त्याला महिन्याची मिळकत तिथल्या किमान वेतनाच्या चौपट लागते, २०२५ च्या हिशेबाने ३,४८० युरो. थायलंडचा तसाच व्हिसा, डीटीव्ही, जुलै २०२४ मध्ये आला. खात्यात ५ लाख बाथ दाखवायचे, व्हिसा ५ वर्षांचा, पण एका वेळी मुक्काम १८० दिवस. हे आकडे बदलत राहतात, त्यामुळे आकड्यांवर वाद नको. राहिल्यावर काय झालं, ते लिहा.

मडगाव, लिस्बनमध्ये १४ महिने

ताई, आधी रिकाम्या घराचं भाडं भरायची तयारी ठेवा. व्हिसाच्या अर्जाला तिथल्या घराचा करार जोडावा लागतो आणि वर्षभराचा करार असला तर बरं. आम्ही करार केला, तिथला करक्रमांक काढला, खातं उघडलं आणि मग अडीच महिने मडगावात बसून लिस्बनच्या बंद घराचं भाडं भरलं. घरमालक मात्र भला माणूस. रोज जाऊन खिडक्या उघडायचा म्हणे.

त्या उघडल्या ते बरंच झालं, कारण तिथली बुरशी! जुलैत आपल्याकडे कपाटातल्या चपला हिरव्या होतात ना, तसंच, पण जानेवारीत आणि थंडीत. जुन्या घरांत हीटर नसतो. बाहेर १२ अंश असेल तर आत त्याहून गार वाटतं. मी मीटिंगला कानटोपी घालून बसायचो.

भाषेचं म्हणाल तर आजीने अर्धी शिकवून ठेवली होती, तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. जनेल म्हणजे खिडकी, कदेल खुर्ची, मेज टेबल, हे आपल्या कोकणीतले शब्द मूळ तिथलेच. फर्निचरच्या दुकानात मी पंडित! दुकानाबाहेर पडलो की मुका.

माझा क्लायंट न्यूयॉर्कचा. त्यांचे सकाळचे ९ म्हणजे लिस्बनला दुपारचे २. मडगावात हिवाळ्यात तेच संध्याकाळचे साडेसात व्हायचे. आयुष्यात पहिल्यांदा रात्रीचं जेवण रात्रीच्या वेळी जेवलो.

म्हापसा

माझी गोष्ट दोन ओळींची. कंपनी भारतीय, पगार भारतात. परदेशातून काम करू का विचारलं, तर कर आणि कायद्याचं कारण सांगून वर्षाला ३० दिवसांपुरती परवानगी दिली. व्हिसाचं बघण्याआधी एचआरचं उत्तर लेखी घ्या. आणि वरच्या दादांचं गणित आमच्यासाठी उलटं आहे. बंगळूरची १० ची मीटिंग लिस्बनला हिवाळ्यात पहाटे साडेचारला येते.

फोंडा, चिआंग माय आणि मग दक्षिणेला

डीटीव्हीचा अर्ज ऑनलाइन झाला, तोही थायलंडबाहेर राहूनच करावा लागतो. ५ लाख बाथ म्हणजे तेव्हा १२ ते १४ लाख रुपये, दर बघून. बहिणीकडून उसने घेऊन खात्यात टाकू असा विचार होता, पण पैसे कुठून आले ते विचारलं तर काय सांगणार, म्हणून ठेव मोडली.

चिआंग मायला नोव्हेंबर ते जानेवारी स्वर्ग. खोली स्वस्त, इंटरनेट आमच्या वाड्यावरच्यापेक्षा कितीतरी बरं. मग फेब्रुवारी लागला. शेतं आणि जंगलं जळतात, धूर दरीत साचून राहतो आणि एप्रिलपर्यंत हलत नाही. इकडे घरचे शिगम्याचे व्हिडिओ पाठवत होते आणि मी दारं-खिडक्या बंद करून एअर प्युरिफायरपुढे. मार्चमध्ये पिशवी उचलली आणि दक्षिणेला समुद्राकडे गेलो.

जेवण. आमच्याकडे सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी. तिथे भाजी मागितली तरी वरून मासळीचा सॉस पडतोच, त्यांना तो मिठासारखा. शेवटी एक शब्द सापडला, ‘जे’. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात लिहिलेला असतो. त्यात मासळी नाही, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, मग तिथेच श्रावण पाळ!

कराचं एक लक्षात असू द्या. थायलंड दिवस जानेवारी ते डिसेंबर मोजतं, आपण एप्रिल ते मार्च. तिथे १८० दिवस भरले की तुम्ही तिथले करनिवासी, आणि २०२४ पासून बाहेरून आणलेल्या मिळकतीवर तिथे कर लागू शकतो. इकडे भारतात १८२ दिवसांचा हिशेब वेगळा. मी भिंतीवर दोन कॅलेंडरं लावली होती. सीएला फी आधी द्या, विमानाचं तिकीट नंतर.

वास्को

डी८ काय म्हणता, आमच्याकडे अर्ध्या वाड्याने आजोबांचा जन्मदाखला काढलाय! १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, म्हणजे पोर्तुगीज राज्यात, इथे जन्मलेल्यांची नोंद लिस्बनला करता येते आणि मग मुलानातवंडांचा पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग उघडतो. माझ्या चुलतभावाने तेच केलं. त्याला मिळकतीचा आकडा दाखवावा लागला नाही. पण भारतीय पासपोर्ट परत करावा लागला, मतदान गेलं, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आलं. आता त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांची काजूची बाग वारशाने येईल, पण शेजारचा तुकडा, ज्यावर त्याचा दहा वर्षं डोळा होता, तो गेला. लॅपटॉपवर काम करायला एवढं करू नका.

पणजी

मी दोन्हीकडे राहिले. फरक एका रात्रीत कळला. बँकॉकला असताना बाबा न्हाणीत पडले. रात्री फोन आला, दुसऱ्या दिवशी दुपारी मी इस्पितळात त्यांच्या उशाशी. मुंबईपर्यंतचं विमान चार-साडेचार तासांचं. लिस्बनला असते तर मध्ये कुठेतरी विमान बदलून, दीड दिवसाने पोचले असते. बाबा आता बरे आहेत आणि मी पुन्हा कुठे जाते याची वाट बघतायत, कारण मी त्यांना साखर देत नाही.

पर्वरी, विचारणारी

देव बरें करूं सगळ्यांचं. नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. तो जनेल-कदेलवर हसला, रिकाम्या घराच्या भाड्यावर गप्प झाला. डच लोकांचे सकाळचे ९ थायलंडला हिवाळ्यात दुपारचे ३, म्हणजे मी रात्री ११ ला सुटेन, पण सकाळ माझी. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्यामुळे पणजीच्या ताईंचं मनात राहिलं. पहिले सहा महिने थायलंड, फेब्रुवारीच्या आत उत्तरेकडचं चिआंग माय सोडायचं.

फोंड्याच्या दादा, एकच सांगा. तो पिवळा झेंडा रोज दिसतो की मला सोमवारी घरी वरण-भातच लावावा लागेल?