नोलिमिट्समधले खांब : हिशेब की नक्कल?

रूळवेडा :
दोन महिने झाले, नोलिमिट्स २ या रोलर कोस्टर बनवायच्या गेममध्ये एक कोस्टर करतोय. बोलिजर अँड मॅबिलार्ड या खरे कोस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या धाटणीचा, ५५ मीटर उंच. ट्रॅक आठ दिवसांत झाला, बाकी सगळा वेळ खांबांनी खाल्ला. त्यातून बनलेलं मत मांडतो, पटलं नाही तर शिव्या घाला. खांब ही शेवटी करायची सजावट नाही. ट्रॅक संपवून दर दहा मीटरवर एक सरळसोट खांब ठोकणाऱ्यांचा कोस्टर पळतो झकास, पण उभा कशावर आहे ते कळत नाही.

साधा हिशेब घ्या. गाडी माणसांसकट १० टन धरू. दरीच्या तळाशी ४ जी, म्हणजे वजनाच्या चौपट, ट्रॅकवर ४० टनांचा जोर. टेकडीच्या माथ्यावर, जिथे पोटात गोळा येतो, तिथे जवळपास शून्य. मग दोन्हीकडे खांब सारखेच कसे? कललेल्या वळणात तर जोर बाहेरच्या अंगाला जातो. तिथे एकटा उभा खांब शोभेचा. बाहेरून तिरका पाय हवाच.

फुरसतराव :
नऊ ते सात ऑफिस करून मी गेम खेळायला बसतो, परीक्षेला नाही.

आणि हिशेब कसला रे? एकही खांब न लावता प्ले दाब, गाडी हवेतल्या ट्रॅकवरून मजेत फिरून येते. सॉफ्टवेअर खांबाला विचारतच नाही. पोलादाची जाडी माहीत नाही, माती माहीत नाही, वारा माहीत नाही, आणि ४० टन म्हणे! त्यापेक्षा नक्कल प्रामाणिक. खऱ्या कोस्टरचे फोटो समोर ठेवायचे. बोलिजरवाल्यांचा ट्रॅक चौकोनी पेटीसारख्या जाड कण्याचा, खाली जाडजूड गोल नळ्या. इंटामिन या दुसऱ्या कंपनीचा ट्रॅक जागेप्रमाणे बदलतो, कुठे दोन नळ्या, कुठे तिकोनी जाळी. जाळी असेल तिथे खांब लांब लांब चालतात. हे बघून कळतं, गणित करून नाही.

चोवीसचा बोल्ट :
चाकणला कारखान्यांच्या शेड डिझाइन करतो, कोस्टर नाही. तरी दोघांचंही थोडं चुकतंय.

रूळवेडा, ते ४० टन एका खांबावर येत नाहीत. गाडी दहा-पंधरा मीटर लांब असते, जोर दोन-तीन खांबांत वाटला जातो. दुसरं, माथ्यावर गाडीचा भार शून्य म्हणून खांब बारीक केलास तर फसशील. उंच खांबाला गाडीपेक्षा वारा आणि स्वतःची उंचीच जास्त छळते. तोच खांब दुप्पट लांब केला की बकलिंगची, म्हणजे दाबाखाली वाकून न मोडण्याची, ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून उंच जागी दोन पाय फाकवून, मध्ये आडवे जोडून उभे करतात. तुझ्या चित्रातला ५५ मीटरचा एकटा खांब बघून मलाच चक्कर आली.

फुरसतराव, फोटोतून आकार कळतो, कारण कळत नाही. फोटोतला तिरका टेकू तू उलट्या बाजूला लावलेला मी पाहिलाय.

फुरसतराव :
तो मिरर केला होता. विसरलो.

खोपोलीचा भाचा :
मामाकडे गेलो की इमॅजिकाला चक्कर असते. तिथला नायट्रो कोस्टर बोलिजरवाल्यांचाच. रांगेत उभं राहून खालून वर बघत बसतो, बहीण वैतागते. पूर्ण खांब एकसंध नसतो, ट्रकवर मावेल असे तुकडे फ्लँजला, म्हणजे टोकाच्या चपट्या कड्यांना, बोल्ट मारून जोडलेले. आपल्या मॉडेलमध्ये हे सांधे नसतील तर खांब प्लास्टिकच्या पाइपासारखे दिसतात. माझ्या लेखी गणितापेक्षा हे महत्त्वाचं.

रूळवेडा :
मग फ्युरी ३२५ विसरलात का? अमेरिकेतल्या कॅरोविंड्स पार्कमधला ९९ मीटर उंच कोस्टर. ३० जून २०२३ ला एका खांबाला वरच्या टोकाशी तडा गेलेला एका पाहुण्याला दिसला. व्हिडिओत गाडी गेली की ट्रॅक सरकतो आणि तुटलेली फट उघडते. एक खांब नसला की काय होतं ते दाखवणारं यापेक्षा चांगलं चित्र मला माहीत नाही.

फुरसतराव :
उलट! खांब तडकला तरी गाडी फिरतच होती, ट्रॅक खाली आला नाही. म्हणजे माझा एखादा खांब इकडेतिकडे झाला तर आभाळ कोसळत नाही.

चोवीसचा बोल्ट :
असा युक्तिवाद साइटवर करू नकोस. एका फेरीत ट्रॅक टिकला म्हणजे हजारो फेऱ्यांत टिकेल असं नाही. शेजारचे खांब आणि सांधे तो जादा जोर दर फेरीला खात होते. पोलाद थकतं. खांब बदलून, चाचण्या घेऊन ती राइड ऑगस्टमध्ये उघडली, उगाच नाही.

पण रूळवेडा, भीतीपोटी जंगल उभं करणं हाही खोटेपणाच. तुझ्या लूपखाली अकरा खांब मोजले मी. नाकापेक्षा मोती जड झालाय. त्यातला एक तर खालच्या ट्रॅकवरून जाणाऱ्यांच्या मानेच्या उंचीवर आहे.

रूळवेडा :
बापरे, तो टेकू दिसलाच नव्हता. हात वर केलेल्या माणसाएवढी चौकट ट्रॅकभर फिरवून आत्ता तपासलं. आणखी दोन सापडले, काढले. उंच खांबाला दुसरा पायही देतो. लूपचे अकरावरून सात करीन, त्याखाली नाही.

फुरसतराव :
सात?! फोटो टाकू का?


चोवीसचा बोल्ट :
टाक. या वेळी मिरर न करता.