मदत हवी आहे: ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट दम धरत नाही, पिस्टनची ओ-रिंग (ऑइल अडवणारी रबरी कडी) की कंट्रोल व्हॉल्व्ह (ऑइलची ये-जा ठरवणारा)?

ट्रॅक्टर जुना, 35 एचपीचा, तीन सिलिंडरचा. दोन फाळी पलटी नांगर पूर्ण उचलतो, तक्रार उचलल्यानंतरची. इंजिन चालू असताना लिफ्ट सारखी हिसके देते: थोडी खाली, लगेच वर. इंजिन बंद केलं की नांगर दहाएक मिनिटांत जमिनीला टेकतो. ऑइल गार असेल तर जास्त वेळ लागतो.

पंपावर संशय नाही, कारण इंजिन बंद असताना पंपाचा संबंधच उरत नाही. ऑइल बदललंय (आधीचं पाणी शिरून दुधाळ झालं होतं), गाळणी धुतली, पोझिशन लिव्हरची जोडणी तपासली. बाहेर कुठेही गळती नाही. म्हणजे सिलिंडरमध्ये कोंडलेलं ऑइल आतल्या आत सुटतंय. दुधाळ ऑइलमुळे बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) गंज धरला असेल, तर नवी रिंगही फार टिकणार नाही, ही खरी धास्ती.

लिफ्टचं कव्हर चेनपुलीशिवाय उचलत नाही. म्हणून ते उतरवण्याआधी विचारतो: गळती पिस्टनवरून आहे की व्हॉल्व्हमधून, हे वरूनच ओळखता येतं का? की कव्हर काढून सिलिंडरच्या तोंडाला कॉम्प्रेसरची हवा देणं हाच उपाय? हवा किती दाबाची द्यावी? बोअरला उभे ओरखडे असतील तर होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) पुरतं, की सिलिंडरच बदलायचा?

ओ-रिंग दाबाच्या बाजूला आणि बॅकअप रिंग (तिला आधार देणारी कडी) तिच्या मागे, एवढं माहीत आहे. सेफ्टी व्हॉल्व्हच्या शिम (दाब वाढवायला घालतात त्या पातळ चकत्या) कृपया सुचवू नका, वजन उचलायची अडचण नाहीच.